मतदानाआधीचा नकाशा

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मतदानाचा दिवस येतो. बोटावरची शाई, शाळेच्या फाटकाबाहेरची रांग, संध्याकाळी टपरीवर रंगणारी 'कोण येणार'ची चर्चा. पण निकालाचा बराचसा भाग त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या कार्यालयातल्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर ठरून गेलेला असू शकतो. कोणती गल्ली कोणत्या प्रभागात, कोणते गाव कोणत्या मतदारसंघात, रेघ नाल्याच्या अलीकडून की पलीकडून? ही रेघ ज्याच्या हाती, त्याच्या हाती तराजूची दांडी. या महिन्यात त्या रेघेविषयी बोलू.

विषय रुक्ष वाटेल, पण घरात सर्वांनी मिळून वाचावा असा आहे. आपल्या मोहल्ल्यात प्रभाग रचनेची चर्चा होते ती बहुधा निकाल लागल्यावर. "आपली वस्ती फोडली हो," असे कोणीतरी म्हणतो, बाकीचे माना डोलावतात. तोवर हरकत घेण्याची मुदत संपून कित्येक महिने झालेले असतात.

पंचवीस मुले, तीन निकाल

आठवीच्या वर्गात मी हा हिशेब फळ्यावर करून दाखवते. वर्गात 25 मुले आहेत. सहल कुठे न्यायची यावर मते घ्यायची आहेत. 15 मुलांना किल्ला पाहायचा आहे, 10 मुलांना समुद्र. वर्गाचे पाच-पाच मुलांचे पाच गट करायचे आणि ज्या ठिकाणाला जास्त गट मिळतील तिकडे सहल न्यायची.

आता गट पाडा. किल्लेवाल्यांचे तीन गट आणि समुद्रवाल्यांचे दोन गट केले, तर निकाल 3 विरुद्ध 2. वर्गात जसे मत आहे तसेच ते गटांत उतरले.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक गटात 3 किल्लेवाले आणि 2 समुद्रवाले घाला. निकाल 5 विरुद्ध 0. समुद्रवाली 10 मुले आहेत, पण एकही गट त्यांचा नाही.

तिसरी पद्धत पाहा. एका गटात पाचही किल्लेवाले कोंबा. दुसऱ्यात 4 किल्लेवाले आणि 1 समुद्रवाला. उरलेल्या तीन गटांत प्रत्येकी 3 समुद्रवाले आणि 2 किल्लेवाले. बेरीज करून पाहा, किल्लेवाले 15 च आहेत आणि समुद्रवाले 10 च. पण तीन गट समुद्राचे झाले. 10 मुलांनी 15 मुलांना हरवले.

एकाही मुलाने मत बदलले नाही, कोणी खोटे मत टाकले नाही, मोजणीत गडबड झाली नाही. फक्त गट वेगळे पाडले. मुले हसतात, मग एखादा विचारतोच, "टीचर, गट कोण पाडणार?" खरा प्रश्न तोच आहे.

या लबाडीच्या दोन रीती आहेत. पहिली फोडण्याची. एका विचाराच्या किंवा एका वस्तीच्या मतदारांना अनेक मतदारसंघांत थोडे थोडे वाटून टाकायचे, म्हणजे कुठेच त्यांचे वजन पडत नाही. दुसरी कोंडण्याची. त्यांना एकाच मतदारसंघात ठासून भरायचे. तिथे ते प्रचंड मतांनी जिंकतात, पण आजूबाजूच्या सगळ्या जागा हातच्या जातात.

या प्रकाराला जगभर जेरीमँडरिंग म्हणतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी 1812 मध्ये आपल्या पक्षाला सोयीच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातल्या एका मतदारसंघाचा आकार इतका वेडावाकडा होता की बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नखे काढून सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्याचे रूप दिले. जेरी आणि सॅलॅमँडर या दोन नावांचा मिळून हा शब्द झाला. जेरी पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्षही झाले, पण दोनशे वर्षांनंतर लोकांच्या लक्षात राहिला तो हा नकाशा.

मिशिगनच्या लोकांनी काय केले

ही लबाडी ज्या देशात नावारूपाला आली, तिथल्याच साध्या नागरिकांनी तिच्याशी कसा सामना केला हे पाहण्यासारखे आहे. मिशिगन हे अमेरिकेच्या उत्तरेकडचे राज्य. मोटारींच्या कारखान्यांचे डेट्रॉइट शहर तिथलेच. डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमिक ही अरब, येमेनी आणि बांगलादेशी मुस्लिमांच्या मोठ्या वस्तीची गावेही तिथलीच.

तिथे मतदारसंघ आखण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडे होता, म्हणजे ज्यांना निवडून यायचे त्यांनीच रेघा ओढायच्या. 2011 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या बहुमताने नकाशा आखला. 2012 च्या निवडणुकीत अमेरिकी प्रतिनिधीगृहासाठी मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मते जास्त पडली, पण 14 पैकी 9 जागा रिपब्लिकनांना मिळाल्या. आपल्या फळ्यावरचा तिसरा हिशेब तिथे प्रत्यक्षात उतरला.

नोव्हेंबर 2016 मध्ये केटी फाहे नावाच्या तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. मिशिगनमधला हा प्रकार बंद करायचा आहे, कोणाला साथ द्यायची असेल तर कळवा, एवढाच मजकूर. ती कोणत्या पक्षाची पुढारी नव्हती, पुनर्वापराचे काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करत होती. लोक जमले. त्यांनी 33 दिवसांत 33 सभा घेतल्या आणि गावोगाव जाऊन लोकांना विचारले, नकाशा कोणी आखावा असे तुम्हाला वाटते? त्या उत्तरांतून राज्यघटनेतल्या दुरुस्तीचा मसुदा तयार झाला.

मिशिगनमध्ये पुरेशा सह्या जमवल्या तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवता येतो. त्यासाठी 3 लाख 15 हजारांहून अधिक सह्या हव्या होत्या. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांवर सह्या गोळा केल्या. शिक्षक, निवृत्त माणसे, गृहिणी बाजारात, जत्रेत, महामार्गावरच्या थांब्यांवर तक्त्या घेऊन उभ्या राहिल्या. विरोधक न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने प्रस्ताव मतदानाला ठेवण्यास परवानगी दिली. नोव्हेंबर 2018 मध्ये सुमारे 61 टक्के मतांनी तो मंजूर झाला.

त्यातून 13 नागरिकांचा आयोग निर्माण झाला. चार डेमोक्रॅटिक विचाराचे, चार रिपब्लिकन विचाराचे आणि पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. आमदार, पक्षाचे पदाधिकारी, त्यांचे जवळचे नातेवाईक यांना बंदी. अर्ज नऊ हजारांहून अधिक आले आणि निवड सोडत काढून झाली. नकाशा आखताना कोणत्या गोष्टीला आधी महत्त्व द्यायचे याचा क्रमही घटनेतच लिहिला. लोकसंख्या समान हवी, मतदारसंघ सलग हवा, एकत्र नांदणाऱ्या समूहांचा विचार व्हावा, कोणत्याही पक्षाला अवाजवी फायदा मिळू नये आणि सध्याच्या आमदाराच्या सोयीसाठी रेघ वळू नये.

यातली 'एकत्र नांदणारा समूह' ही कल्पना आपण लक्षात ठेवावी. तो धर्माचा किंवा जातीचाच असतो असे नाही. एकाच कारखान्यावर पोट भरणारे, एकाच नदीच्या पुराने त्रासलेले, एकाच शाळेत मुले घालणारे लोक, ज्यांचे प्रश्न समान आहेत, तो समूह. हॅमट्रॅमिक आणि शेजारच्या डेट्रॉइटमधल्या बांगलादेशी कुटुंबांनी आयोगापुढे आपली वस्ती एकत्र ठेवण्याची मागणी मांडली. "आम्हाला अमुक उमेदवार निवडून आणायचा आहे" असे तिथे सांगून चालत नाही. आमचे दैनंदिन जीवन इथून इथपर्यंत एक आहे, हे दाखवावे लागते.

चांगल्या हेतूने चुकलेली रेघ

इथवर गोष्ट सुफळ संपूर्ण वाटते. पण पुढे जे घडले त्यातूनच जास्त शिकण्यासारखे आहे.

डेट्रॉइट हे काळ्या नागरिकांच्या बहुसंख्येचे शहर. जुन्या नकाशांत त्यांना थोड्या मतदारसंघांत कोंडले होते. आयोगाने ही कोंडी सोडवायची ठरवले आणि शहराचे पट्टे कापून ते आजूबाजूच्या, मुख्यतः गोऱ्या वस्तीच्या उपनगरांना जोडले. हेतू चांगला असेल, पण शहरातल्या काळ्या मतदारांचे प्रमाण इतक्या मतदारसंघांत खाली आले की आपल्या पसंतीचा प्रतिनिधी निवडणे त्यांना अवघड झाले. कोंडलेल्यांना सोडवताना फोडले गेले. लोक न्यायालयात गेले. डिसेंबर 2023 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने डेट्रॉइट परिसरातले विधिमंडळाचे 13 मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, कारण तिथल्या रेघा प्रामुख्याने वंश पाहून ओढल्या होत्या. आयोगाला ते पुन्हा आखावे लागले.

म्हणजे आयोग नि:पक्ष आहे एवढ्याने काम भागत नाही. त्याच्या कामावर लोकांची नजर असावी लागते आणि चूक झाली तर दाद मागण्याची जागा असावी लागते.

दुसरी गोष्ट निकालांची. 2022 मध्ये नव्या नकाशांवर डेमोक्रॅटिक पक्षाने विधिमंडळाची दोन्ही सभागृहे निसटत्या बहुमताने जिंकली. जवळपास चाळीस वर्षांनी असे झाले होते. काहींनी लगेच म्हटले, हा तर त्यांच्याच फायद्याचा नकाशा. पण 2024 मध्ये, डेट्रॉइटपुरत्या सुधारलेल्या नकाशावर, कनिष्ठ सभागृह पुन्हा रिपब्लिकनांकडे गेले. मते फिरली तशी सत्ता फिरली. सरळ नकाशाची परीक्षा हीच. त्यावर कोण जिंकतो याला महत्त्व नाही, लोकांचे मत बदलले की निकाल बदलतो की नाही याला आहे.

हे तत्त्व पाळणे किती कठीण आहे तेही अमेरिकेनेच दाखवले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा केंद्रीय न्यायालये करणार नाहीत. 2025 मध्ये टेक्सास राज्याने, जनगणनेची वाट न पाहता, रिपब्लिकनांना जास्त जागा मिळाव्यात म्हणून नकाशा बदलला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने मतदारांची मंजुरी घेऊन आपल्या नागरिक आयोगाचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या सोयीचा आणला. त्यांनी केले म्हणून आम्हीही. दोन्हीकडच्या समर्थकांना आपापल्या परीने ते बरोबर वाटले. पण दोन्ही राज्यांतल्या कितीतरी मतदारांच्या मताचे मोल त्यात घटले. मापात पाप समोरच्याने केले म्हणून आपले माप खोटे ठेवण्याची मुभा मिळत नाही.

आपल्याकडे काय

आपल्या देशात लोकसभा-विधानसभेचे मतदारसंघ आमदार-खासदार आखत नाहीत. त्यासाठी परिसीमन आयोग असतो. 1952, 1962, 1972 आणि 2002 च्या कायद्यांनी असे आयोग नेमले गेले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. आयोगाबरोबर लोकप्रतिनिधी सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मतदानाचा हक्क नसतो. ही व्यवस्था अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांपेक्षा बरी आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे.

पण प्रश्न इथेही आहेत. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात दाखवून दिले की काही राज्यांत मुस्लिम लोकसंख्या मोठी आणि अनुसूचित जातींची तुलनेने कमी असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, तर अनुसूचित जातींची लोकसंख्या जास्त असलेले काही मतदारसंघ खुले आहेत. समितीने अधिक तर्कशुद्ध पद्धतीची शिफारस केली. या मुद्द्यावर बोलताना एक भान हवे. आपले भांडण दलित बांधवांच्या राखीव जागांशी नाही. त्या त्यांच्या हक्काच्या आहेत. त्या राज्याच्या वेगवेगळ्या भागांत असाव्यात असे कायदाच सांगतो. पण तोच कायदा असेही सांगतो की अनुसूचित जातींचे प्रमाण जिथे तुलनेने जास्त तिथे त्या असाव्यात. हे काटेकोर पाळले तर त्यांचेही भले आणि आपलेही.

आपल्या रोजच्या जगण्याशी थेट संबंध येतो तो महापालिका आणि नगरपालिकांच्या प्रभागांचा. पाणी, गटार, कचरा, दवाखाना, शाळा, कब्रस्तानाचा रस्ता, सगळे तिथे. आणि तिथली रचना किती वेळा हलते पाहा. मुंबईत 227 प्रभाग होते. 2021 मध्ये ते 236 करण्याचे ठरले. 2022 मध्ये सरकार बदलले आणि आकडा पुन्हा 227 वर आला. जनगणना तीच, 2011 ची. मुंबईबाहेरच्या महापालिकांत 2017 च्या निवडणुका बहुतांशी चार सदस्यांच्या प्रभागाने झाल्या. मग एका सदस्याचा प्रभाग करायचे ठरले, मग तीन सदस्यांचा, मग पुन्हा चारांचा. सरकार कोणत्याही रंगाचे असो, हा मोह कोणाला सुटलेला नाही. 2022 मध्ये प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे आणणारा कायदाही विधिमंडळाने मंजूर केला.

प्रभागाच्या आकाराने काय फरक पडतो? चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक मतदार अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी मत देतो. एखाद्या मोहल्ल्याची मते एका छोट्या प्रभागात निम्म्याहून जास्त असतील, तर चौपट मोठ्या प्रभागात तीच मते पंधरा टक्के होऊ शकतात. मग चारही नगरसेवक मोहल्ल्याबाहेरून निवडून येतात. ते चांगले असतील, नसतीलही, पण तुंबलेल्या गटारासाठी कोणाच्या दारात जायचे हे ठरेनासे होते. चौघांकडे बोट दाखवता येते, म्हणून चौघेही सुटतात. हा त्रास झोपडपट्टीला होतो, चाळीला होतो, गावठाणालाही होतो. तो फक्त आपला नाही.

हरकत कशी घ्यावी

प्रभागांची प्रारूप रचना जाहीर होते तेव्हा नकाशे पालिकेच्या कार्यालयात आणि संकेतस्थळावर लागतात. हरकती व सूचनांसाठी मुदत असते, ती थोड्याच दिवसांची. नंतर सुनावणी होते आणि मग रचना अंतिम होते. एकदा अंतिम झालेल्या मतदारसंघांच्या आखणीला न्यायालयात आव्हान देण्यावर संविधानानेच मर्यादा घातल्या आहेत. उघड मनमानी असेल तर न्यायालय लक्ष घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे, पण ती वाट लांबची. खरी संधी त्या थोड्याच दिवसांची.

हरकत लिहिताना भावना बाजूला ठेवावी आणि नियम हाती घ्यावा. प्रभागांची लोकसंख्या शक्य तितकी समान असावी, साधारण दहा टक्क्यांपर्यंतच कमी-जास्त व्हावी. हद्द मोठा रस्ता, नदी, नाला, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवरून जावी. जनगणनेचा प्रगणक गट मधोमध तोडू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो विभागू नयेत. नियम असे लिहिलेले आहेत, तेव्हा बोट नियमावरच ठेवावे.

"आमच्या समाजाची मते फोडली, हा अन्याय आहे," अशी हरकत फाईलमध्ये पडून राहते. त्याऐवजी असे लिहा: "गल्ली क्रमांक 4 ते 9 या नाल्याच्या पश्चिमेला आहेत. प्रारूपात हद्द नाला ओलांडून या सहा गल्ल्या पूर्वेकडच्या प्रभागाला जोडल्या आहेत. या रहिवाशांची शाळा, दवाखाना, रेशन दुकान आणि पाण्याची टाकी पश्चिमेला आहे. नाला हीच हद्द ठेवावी. असे केल्याने दोन्ही प्रभागांची लोकसंख्या मर्यादेतच राहते." सोबत नकाशाची प्रत, लोकसंख्येचा तक्ता आणि शेजारच्या सर्व समाजांतल्या रहिवाशांच्या सह्या जोडा. अर्जाची पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहा.

आणि लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही मागणी दुसऱ्या वस्तीने केली असती तर मी ती योग्य मानली असती का? 'आमचा मोहल्ला एकत्र ठेवा' ही मागणी बहुतेक वेळा रास्त असते. पण शहरातले सगळे मुस्लिम मोहल्ले ओढूनताणून एका प्रभागात आणा असे आपणच म्हणू लागलो, तर आपल्याच हाताने आपली कोंडी करू. एक जागा पक्की होईल आणि बाकीच्या प्रभागांतल्या उमेदवारांना आपल्या दारात येण्याची गरजच उरणार नाही. शेजाऱ्याशी जोडलेला मतदारसंघ हा नेहमीच तोटा नसतो.

पुढे जनगणना येते आहे. संविधानानुसार लोकसभेच्या जागांचे राज्यांमधले वाटप 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेले आहे. म्हणजे पुढच्या आखण्या नव्या आकड्यांवर उभ्या राहतील. प्रगणक दारात येतील तेव्हा घरातली सासरी नांदणारी सून, परगावी शिकणारा मुलगा, अंथरुणाला खिळलेल्या दादीजान, प्रत्येकाची नोंद कुठे आणि कशी व्हायला हवी ते नीट विचारून घ्या. जो मोजलाच गेला नाही, त्याच्यासाठी नकाशात जागा नसते.

दर मोहल्ल्यात दोन-तीन शिकलेल्या मुला-मुलींनी एवढे काम अंगावर घेतले तरी पुरे. प्रारूप लागल्याची बातमी पहिल्याच दिवशी सर्वांना कळवायची, नकाशा छापून मशिदीच्या, समाजमंदिराच्या आणि शाळेच्या फलकावर लावायचा, आणि लोकांसमोर बोट ठेवून हद्द वाचून दाखवायची. जाताना घरातल्या आठवी-नववीच्या मुलालाही बरोबर न्या. भूगोलाच्या तासाला तो नकाशा वाचायला शिकतोच आहे. या नकाशावर आपले घर कुठे आहे, ते त्यालाच शोधू द्या.